पेटीच्या दमाचं माप

शुक्रवार, सात नोव्हेंबर. रक्कम एकशे दहा दिनार. हजर सात जण: भजनाचे बुवा, पेटीवर मेस्त्री, एक पखवाजवाला, टाळ धरणारे तिघे ड्रायव्हर आणि मी.

एकशे दहा दिनार ही इलेक्ट्रॉनिक की-बोर्डची किंमत. बुवांनी त्याचा फोटो मोबाइलवर सगळ्यांपुढे फिरवला. दत्तजयंतीला सत्तावीस दिवस राहिले होते, आणि गेले काही महिने गजर चढायला लागला की आमची पेटी मागे पडत होती. सूर चुकत नव्हते. पेटीला दमच उरला नव्हता. बुवांनी एखादा स्वर लांबवला की खाली पेटीचा आवाज विझत जाई आणि बुवा एकटे पडत. की-बोर्डला भाताच नसतो, वीज असली की झालं, असं त्यांचं म्हणणं. माणशी सोळा दिनार काढले की एकशे बारा होतात, वरचे दोन प्रसादाला.

की-बोर्ड वाजवायला टाळवाल्यांपैकी एक जण तयार होता. मग मेस्त्रींनी काय करायचं, हे कोणी बोललं नाही.

मेस्त्री मालवणकडचे सुतार. इथे बहरीनला एका फर्निचरच्या कारखान्यात तीस वर्षं झाली. ही पेटी त्यांनीच बावीस वर्षांपूर्वी गावाहून आणली, विमानात मांडीवर ठेवून. तेव्हापासून दर शुक्रवारी गुदैबियातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तीच पेटी आणि तेच वाजवणारे. आता त्यांचं वय अठ्ठावन्न. डावा खांदा धरतो, हे सगळ्यांना माहीत होतं. भाता डाव्या हातानं मारतात, हेही सगळ्यांना माहीत होतं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून सहा माणसांनी मनातल्या मनात बेरीज केली होती.

मेस्त्री एवढंच म्हणाले, "हात नाय. पेटी वारो सोडता."

बुवा हसले. ते साताऱ्याकडचे, एसी दुरुस्तीचं काम करतात, तोंडानं तिखट पण मनात काही ठेवत नाहीत. म्हणाले, "मेस्त्री, दार वाकडं बसलं की सुतार म्हणतो भिंत वाकडी."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मेस्त्रींनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. मी एका बांधकाम कंपनीत हिशेब बघतो. ज्याचा पुरावा नाही ती रक्कम मी लिहीत नाही. इथे एका माणसाची बावीस वर्षांची जागा निव्वळ अंदाजावर काढून घेत होते. मी म्हणालो की पेटी वारा सोडते का, हे मोजता येतं. तीन आठवडे द्या. अठ्ठावीस तारखेच्या शुक्रवारी आकडे दाखवतो, मग काय ते ठरवा. बुवांनी पखवाजवाल्याकडे पाहिलं, पखवाजवाल्यानं खांदे उडवले. बुवा म्हणाले, ठीक आहे, साहेबांना मोजू दे, मोजल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

त्याच संध्याकाळी मी आणि मेस्त्रींनी पेटी उचलून माझ्या घरी आणली. चालत दहा मिनिटं.

कॉलेजपासून मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे. ऑफिसात दुसऱ्यांचे आकडे, घरी माझे. टेबलाच्या खणात छोटे कंट्रोलर बोर्ड, वायरी आणि दोन-चार सेन्सर नेहमी पडलेले असतात. त्यामुळे दाब मोजायचा म्हणजे एक प्रेशर सेन्सर आणायचा, जोडायचा आणि आकडे घ्यायचे, इतकं ते मला सोपं वाटलं होतं.

शनिवारी सकाळी बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार केरळचा, हिंदी बोलतो, फारसं बोलत नाही. मी प्रेशर सेन्सर मागितला. त्यानं विचारलं, किती प्रेशरचा? मला सांगता येईना. तो पाण्याच्या पंपाचं, टायरचं, कॉम्प्रेसरचं विचारत गेला. मी हार्मोनियम म्हणालो तेव्हा त्यानं चष्मा काढून ठेवला.

"पहले नाप के आओ," तो म्हणाला.

"नापने के लिए ही तो चाहिए."

त्यानं काउंटरवर पितळी आट्यांचा एक सेन्सर ठेवला. बारा बारपर्यंत चालणारा, पंपावर बसवतात तो. घ्यायचा तर घ्या, म्हणाला, पण परत घेणार नाही. मी घेतला नाही. त्याचं बरोबर होतं. किती मोजायचं हे माहीत नसताना मोजायचं साधन घेणं म्हणजे बोटाचं माप न पाहता अंगठी घेणं. आणि त्या गल्लीच्या तोंडालाच सोन्याची दुकानं आहेत, तिथे तसं कोणी करत नाही.

घरी येताना माशांच्या टाकीला लावतात तसली पारदर्शक नळी दोन मीटर घेतली. ती इंग्रजी 'यू' सारखी वाकवून लाकडी पट्टीवर बांधली. निम्म्यापर्यंत पाणी भरलं, आणि दिसावं म्हणून त्यात बायकोच्या डब्यातला जिलबीचा केशरी रंग टाकला. एका टोकाला दाब दिला की तिकडचं पाणी खाली जातं, दुसरीकडचं वर चढतं, आणि दोन्हींतला फरक हाच दाब. यात बिघडण्यासारखं काही नाही.

नळी पेटीला जोडायची कुठे, हा प्रश्न मेस्त्रींनी सोडवला. दुपारी ते स्वतःचा पेचकस घेऊन आले. वरची फळी काढली, उजव्या हाताची अगदी शेवटची पट्टी उचलून धरली आणि तिच्याखालच्या भोकात रबरी बूच बसवून त्यातून नळी घेतली. "ह्या पट्टीवर आपल्या भजनात कोणच जात नाय," म्हणाले. चहा घेतला आणि गेले. मी त्यांच्या खांद्याबद्दल विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं नंतर वाटलं, पण त्या दिवशी ते मोजमापाच्या बाहेरचं होतं.

मी भाता मारला. केशरी पाणी चढलं आणि थांबलं. फरक सत्तर मिलिमीटर. दुसऱ्यांदा एकोणसत्तर, तिसऱ्यांदा पुन्हा सत्तर. मला एवढा आनंद झाला की मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारली. ती हात पुसत आली, पाहून गेली. मी वहीत लिहिलं: पेटीचा दाब, पाण्याचा सत्तर मिलिमीटर. सेन्सर निवडायला लागणारा आकडा मिळाला, म्हणून मी नळी काढून ठेवली.

इथे मी एक चूक केली. ती पुढे येईल.

त्या आकड्यावरून रविवारी हिशेब मांडला. सत्तर मिलिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ सहाशे शहाऐंशी पास्कल. पंपाचा सेन्सर बारा लाख पास्कलचा. त्याला आमची पेटी म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर वेलदोडा. माझ्या बोर्डाला पाच व्होल्टचे एक हजार चोवीस भाग दिसतात. त्या सेन्सरवर पेटीचा सगळा दम मिळून एक भागही हलला नसता.

खणात हवामानाचा एक सेन्सर होता, नखाएवढा. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टला आणलेला. तो नाजूक दाबही ओळखतो, म्हणून एका बाटलीत घालून नळी जोडून पाहिला. आकडे आले, पण स्थिर राहिनात. स्वयंपाकघरातला पंखा लावला की बदलत, घराचं दार उघडलं की बदलत. तो आतला दाब बाहेरच्या दाबाशी ताडून पाहत नाही, निर्वातापासून मोजतो. म्हणजे माझ्या सत्तर मिलिमीटरसोबत डोक्यावरचं सगळं आभाळही मोजतो. प्रोजेक्टच्या वेळच्या माझ्याच नोंदी काढल्या. सकाळ ते दुपार हवेचा दाब दोनशे-अडीचशे पास्कल खालीवर झालेला होता, पेटीच्या दमाच्या एक तृतीयांश. पंधरा-वीस दिवस तुलना करायची तर हा चालणार नाही. काढून खणात ठेवला.

मला हवा होता दोन नाकांचा. एक नाक पेटीत, एक खोलीत, आणि दोन्हींतला फरक सांगणारा, माझ्या केशरी नळीसारखाच. दुकानदाराला फोन केला आणि या वेळी आकडा सांगितला. त्याचा सूर लगेच बदलला. त्याच्याकडे दोन होते. एक चाळीस हजार पास्कलचा, रक्तदाबाच्या यंत्रात असतो तो, फक्त दीड दिनारला. दुसरा चार हजारांचा, वॉशिंग मशीनमध्ये पाण्याची पातळी ओळखायला वापरतात. तो मागवावा लागेल, आठवडा लागेल, सात दिनार दोनशे फिल्स. एक हजाराचाही कॅटलॉगमध्ये आहे म्हणाला, अजून महाग.

सगळ्यात नाजूक तो सगळ्यात चांगला असं वाटतं, आणि मलाही तसंच वाटलं होतं. पण भजन रंगलं की भाता जोरात बसतो. तेव्हा दाब क्षणभर हजाराच्या वर गेला तर एक हजाराचा सेन्सर नेमका तिथेच आंधळा होणार. चाळीस हजारांच्या सेन्सरवर पेटी पावणेदोन टक्क्यांत उरकणार, आणि त्या सेन्सरची चूकच टक्काभर असते. चार हजारांच्या सेन्सरवर आमचा दाब सतरा टक्के, वर भरपूर मोकळी जागा, आणि माझ्या बोर्डाचा एक भाग म्हणजे अर्धा मिलिमीटर पाणी. तोच सांगितला. महाग नको की स्वस्त नको, मापाला माप हवं.

बायकोनं विचारलं, ती केशरी नळी असताना हे कशाला? मी सांगितलं की पाणी हेलकावतं, डोळ्याला दर सेकंदाचं टिपता येत नाही, आणि नुसतं 'मला असं दिसलं' म्हटलं तर बुवा ऐकणार नाहीत. कागद हवा. ती म्हणाली, बुवा कागद वाचणारे वाटत नाहीत.

सतरा तारखेला सेन्सर आला. जोडला, आधी केशरी नळीशी ताडून पाहिला. दोघांत एका मिलिमीटरचा फरक. मग पद्धत ठरवली. मोबाइलवर सेकंदाचा ठोका लावायचा, दहा ठोक्यांना दहा भाते मारायचे, हात काढायचा, एकही पट्टी दाबायची नाही, आणि पेटीच्या आतला भाता किती वेळ दाब धरतो ते पाहायचं. दाब सत्तरवरून पस्तीसवर उतरेपर्यंतचे सेकंद मोजायचे. तीन संध्याकाळी, रोज पाच वेळा. आकडे एकेचाळीस, बेचाळीस, चाळीस, असेच. कुठेही काही सुटत नव्हतं. जुन्या पेटीच्या मानानं हा दम उत्तम होता.

मला तो आकडा नको होता. पण तोच आला.

एकवीस तारखेच्या शुक्रवारी पेटी परत खोलीवर नेली. पेटीची जागा ठरलेली. तिघा ड्रायव्हरांच्या त्या खोलीत स्टीलचं कपाट आहे, त्यावर लाल कापड घालून पेटी, शेजारी दत्ताची तसबीर, आणि बरोबर वर एसी. ही जागा बुवांनीच दिलेली. पूर्वी पेटी दाराजवळ जमिनीवर असायची, चपलांच्या शेजारी. वर्षभरापूर्वी बुवांनी तो नवा एसी बसवला, तेव्हा म्हणाले की देवाचं वाद्य आहे, खोलीतली सगळ्यात चांगली जागा त्याची. उन्हाळ्यात ड्रायव्हर घामाघूम होऊन आले तरी पेटीला आधी गार वारा. हे सगळे मोठ्या कौतुकानं सांगत.

मी आकडे वाचून दाखवले. पेटी चाळीस सेकंद दम धरते, गळती नाही. मग भजन झालं, आणि त्या दिवशी पेटी सुंदर वाजली. बुवांचा एकही स्वर एकटा पडला नाही. तेच सगळ्यात वाईट झालं.

बुवा टाळ्या देत म्हणाले, "बघा, मशीन लावल्याबरोबर मेस्त्रींचा हात सुधारला. आधीच लावायला हवं होतं."

ड्रायव्हरांपैकी एक म्हणाला, आमच्या गाडीत कंपनीनं जीपीएस लावलं तेव्हा आमचंही असंच झालं होतं. खोली हसली. मेस्त्रींनी पेटीवर कापड घातलं, पेटी कपाटावर ठेवली आणि की-बोर्डसाठी आपले सोळा दिनार पुढच्या शुक्रवारी देतो म्हणून सांगितलं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. काय बोलायचं ठरलं नव्हतं. त्यांनीच कठड्यावर हात ठेवून सांगितलं, "तू मोजलंस ता खरा आसात. पण आजची पेटी रोजची नाय होती. हाताक कळता."

मी घरी येऊन ते बायकोला जसंच्या तसं सांगितलं. ती ताटं मांडत होती. म्हणाली, मग पहिल्या दिवशी कशी होती? मी वही काढली. सत्तर मिलिमीटर. सेकंद? सेकंद लिहिलेच नव्हते. सेन्सर निवडण्याच्या नादात मी दाब किती ते लिहिलं, किती वेळ टिकला ते पाहिलंसुद्धा नाही. आणि चौकशी तर त्याचीच होती.

"मला नीट आठवतंय," ती म्हणाली. "बघायला या म्हणालात, मी गॅस बारीक करून आले, तोवर नळीतलं पाणी दोन्हीकडे सारखं झालं होतं. तुम्ही परत भाता मारून दाखवलंत."

मी उठून गॅस बारीक केला, हात पुसले आणि बैठकीच्या खोलीत चालत आलो. घड्याळ लावून तीनदा. तेरा सेकंद.

म्हणजे आठ तारखेला पेटी तेरा सेकंदांच्या आतच मोकळी झाली होती, आणि अठरा तारखेला तीच पेटी एकेचाळीस सेकंद टिकली. मधल्या दहा दिवसांत तिला कोणी हात लावला नव्हता. ती फक्त माझ्या घरी होती, चौदा तारखेचं भजनही नुसत्या टाळ-पखवाजावर झालं होतं. नोव्हेंबर लागला की आम्ही एसी बंद करतो, खिडक्या उघडतो, समुद्राची दमट हवा आत येते. त्या खोलीत तसं होत नाही. तिघांच्या शिफ्ट वेगळ्या, कोणीतरी कायम झोपलेलं असतं, शेजाऱ्यांना भजनाचा त्रास नको म्हणून खिडक्या बंद. एसी बारा महिने, चोवीस तास.

पण ही फक्त शंका होती, आणि एकदा अर्धवट मोजून मी मेस्त्रींना पुरेसा त्रास दिला होता. या वेळी बायकोच्या आठवणीवरही अवलंबून राहायचं नाही असं ठरवलं. शनिवारी ऑफिस नव्हतं, आणि रविवार ते गुरुवार ऑफिस सुटलं की थेट खोलीवर गेलो. जो झोपलेला असेल त्याला न उठवता पेटी खाली घ्यायची, तेच दहा ठोके, तेच दहा भाते, पाच वेळा, मग परत होती तिथे, एसीखाली. मेस्त्रींना मुद्दाम बोलावलं नाही. हात माझाच राहायला हवा होता. शनिवारी छत्तीस सेकंद. रविवारी एकोणतीस. सोमवारी बावीस. मंगळवारी सोळा. त्या दिवशी झोपलेला ड्रायव्हर डोळे न उघडता म्हणाला, "साहेब, खलास करा हो आता." मी खलास केलं नाही. बुधवारी बारा. गुरुवारी अकरा.

गुरुवारी मात्र मेस्त्रींना फोन करून बोलावलं. ते कारखान्यातून तसेच आले, बाहीला भुसा लागलेला. मी त्यांना वही दिली. त्यांनी आकडे बोट ठेवून वाचले, दोनदा. मग एसी बंद केला, पेटी उघडली, मला भाता मारायला लावला आणि दत्तापुढची उदबत्ती घेऊन तिचा धूर लाकडावरून हळूहळू फिरवत नेला. सुरांच्या फळीच्या डाव्या कडेला धूर एकदम उडाला. तिथे फळीच्या रेषेवर बोटभर लांबीची चीर होती. केस अडकेल इतकीच. कोरड्या हवेत उघडणारी, दमट हवेत मिटणारी.

"उद्या दाखवूया," मी म्हणालो.

"दाखव. मी बोलूचंय नाय."

अठ्ठावीस तारखेला सगळे सात जण होते. बुवांनी की-बोर्डच्या दुकानदाराला शनिवारी येतो म्हणून सांगितलेलं. मी सहा दिवसांचा कागद मध्ये ठेवला. दाबाची रेघ रोज कशी लवकर कोसळते ते त्यावर स्पष्ट दिसत होतं. पखवाजवाल्यानं कागद उलटा धरून पाहिला. बायको बरोबर होती. म्हणून मी केशरी नळीही आणली होती. ती पेटीला जोडली, बुवांनाच भाता मारायला सांगितला, आणि हात काढा म्हटलं. पाणी चढलं. मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उतरायला लागलं. एका ड्रायव्हरनं मोठ्यानं सेकंद मोजले. अकराला पाणी निम्म्यावर आलं. आता मेस्त्रींचा हात खिशात होता.

मी म्हणालो, "ही माझ्या घरी एकेचाळीस सेकंद टिकते. इथे सहा दिवसांत अकरावर आली. हात बदलला नाही. जागा बदलली."

बुवांनी नळीकडे पाहिलं, मग कपाटाकडे, मग वर. उठले. एसीच्या तोंडाला तळहात लावून थोडा वेळ उभे राहिले. त्या वाऱ्याची दिशा कपाटाच्या माथ्यावर येईल अशी त्यांनी स्वतःच्या हातानं लावली होती.

"रोज लोकांच्या घरी हेच सांगतो," ते म्हणाले. "ही नळी बाहेर सोडा, मशीन हवेतलं पाणी काढतं, बादलीभर. लाकडातलंही काढत असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही." मग मेस्त्रींकडे वळले. "मेस्त्री, भिंतच वाकडी होती. मीच बांधलेली."

मेस्त्री म्हणाले, "बसा आता. चीर उघडी आसा तवरच बुजवूक होयी."

ते नुसतं बोलणं नव्हतं, त्यांचं कामही तसंच होतं. चीर मिटलेली असताना लाकडात सरस भरला तर पुढच्या कोरड्या दिवसांत ती शेजारी फाटते. म्हणून ती पूर्ण उघडी असताना वरून पातळ, मऊ चामड्याची पट्टी बसवायची, म्हणजे खाली लाकूड हललं तरी वारा सुटत नाही. शनिवारी सकाळी सूकमधल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, चांभाराकडून त्यांनी स्वतः चामडं निवडून आणलं, बोटानं ताणून ताणून. दुपारभर काम केलं. डाव्या हातानं फळी दाबून धरली आणि उजव्यानं पट्टी ओढून बसवली. खांदा दुखतो का, हे मी त्या दिवशी विचारलं. दुखतो म्हणाले, रात्री कुशीवर झोपलं की. भाता मारताना नाही.

बुवांना पेटी लगेच दाराजवळच्या जुन्या जागी न्यायची होती. मी थांबवलं. दुरुस्ती झाली की नाही, हे जिथे बिघाड झाला तिथेच कळणार. रविवार, सोमवार, मंगळवार पेटी पुन्हा एसीखाली ठेवली. ड्रायव्हरांनी माझ्यासाठी कपाटाशेजारी एक स्टूलच मांडून ठेवलं होतं. एकोणचाळीस, अडतीस, अडतीस. त्यानंतर मी रबरी बूच काढलं, मेस्त्रींनी शेवटची पट्टी जागेवर बसवली, आणि पेटी बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली. तिथे मेस्त्रींनी प्लायवूडचं खोकं केलं आहे, चपलांपासून दोन हात वर.

चार डिसेंबर, गुरुवार, दत्तजयंती. मेस्त्री पेटीवर. की-बोर्ड वाजवायला तयार झालेला ड्रायव्हर टाळावर. बुवांनी शेवटच्या गजरात एक स्वर मुद्दाम ओढला, मेस्त्रींकडे बघत, आणि पेटी शेवटपर्यंत त्यांच्या खाली उभी राहिली. सेकंद मी मोजले नाहीत, कारण माझ्या हातात टाळ होते.

एकशे दहा दिनार कोणालाही दिले नाहीत. सेन्सरचे सात दिनार दोनशे फिल्स माझे, ते मी दुकानदाराला आधीच दिले होते. सेन्सर आता खणात आहे. चामड्याचे एक दिनार तीनशे फिल्स चांभाराला, भजनाच्या फंडातून. मजुरीचं विचारलं तेव्हा सगळ्यांना वाटलं मेस्त्री नको म्हणतील. ते नको म्हणाले नाहीत. वाजवण्याचे कधी घेतले नाहीत आणि घेणार नाही, पण सुताराचं काम सुताराच्या दरानं, म्हणाले. अर्ध्या दिवसाचे चार दिनार. बुवांनी फंडाला हात लावू दिला नाही. स्वतःच्या पाकिटातून चार दिनार काढून मेस्त्रींच्या डाव्या हातात दिले, आणि मी ते लिहून घेतले.